नातीचा ‘ओ निगेटिव्ह’ आला कुठून?

पत्र:

सप्रेम नमस्कार. विषय नाजूक आहे, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

मला चार महिन्यांची नात आहे. जन्मल्यावर तिची कावीळ वाढली म्हणून तिला निळ्या लाइटखाली ठेवलं होतं, तेव्हा रक्त तपासलं. डिस्चार्ज कार्डावर ‘ओ निगेटिव्ह’ लिहिलंय. माझ्या मुलाचा बी पॉझिटिव्ह आणि सुनेचा ए पॉझिटिव्ह. माझा ओ पॉझिटिव्ह, ह्यांचा बी पॉझिटिव्ह. त्यात नातीचे डोळे घारे. आमच्यात घारं कुणीच नाही. बारशाला सगळे मुलुंडला जमले होते. तिथे माझ्या नणंदबाई कार्ड बघून म्हणाल्या, ‘एकाचा ए, एकाचा बी, मग ओ कसा? आणि दोघं पॉझिटिव्ह असताना निगेटिव्ह येतोच कसा?’ वन्सं स्वतः निगेटिव्ह आहेत, दोन्ही बाळंतपणांत त्यांना ते इंजेक्शन घ्यावं लागलं होतं, त्यामुळे त्यांना यातलं कळतं. कानाच्या पाळ्याही आईबापांसारख्या नाहीत म्हणाल्या.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. मी सुनेला सहज म्हणून विचारलं, ‘तुमच्याकडे कुणी घारं आहे का गं?’ ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मुलाला मी अजून काही म्हटलेलं नाही. हल्ली लाळेवरून डीएनए टेस्ट होते म्हणतात. कुणाला न सांगता करून घेऊ का? एकदा मन मोकळं होईल. धाकट्या मुलीचं लग्न ठरत आलंय, त्यात हे असं.

– एक आजी, गोरेगाव

उत्तर:

ताई,

डीएनए टेस्ट करू नका. का नको ते पुढे सांगते. आधी वन्संचा हिशेब तपासू, कारण सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे आणि तो साफ चुकलाय. गंमत म्हणजे बरोबर उत्तर काढायला जे जे लागतं ते तुम्हीच पत्रात स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंय.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. रक्तगटाचा धडा आला की वर्गातलं एखादं पोर हमखास गप्प व्हायचं आणि तास संपल्यावर टेबलापाशी येऊन हळूच विचारायचं, ‘मॅडम, बाबांचा ए, आईचा बी, माझा ओ. असं होतं का?’ होतं. मुंबईतल्या कुठल्याही प्रसूतिगृहात होतं आणि तिथल्या डॉक्टरांना त्याचं काहीही वाटत नाही.

रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ही प्रत ए, बी किंवा ओ अशी तीन प्रकारची असू शकते. एकाच जनुकाच्या अशा वेगवेगळ्या रूपांना अलील म्हणतात. ए प्रतीपासून एक एन्झाइम (पेशीतली कामं घडवून आणणारं प्रथिन) तयार होतं आणि ते लाल पेशीच्या पृष्ठभागावर एक ठरावीक साखर चिकटवतं. बी प्रतीचं एन्झाइम जवळपास तसंच, पण त्याची साखर निराळी. ओ प्रतीत बहुतेक वेळा डीएनएचं एक अक्षर गळलेलं असतं. एवढ्याने पुढचा सगळा मजकूर बिघडतो, एन्झाइम कामाचं राहत नाही आणि पेशीवर काहीच चिकटत नाही.

आता एखाद्याकडे एक प्रत ए आणि दुसरी ओ असेल तर काय होईल? ए प्रत आपलं काम करते, साखर चिकटते, लॅबला ती दिसते आणि रिपोर्टवर ‘ए’ छापून येतं. चाळीच्या जिन्यात दोन बल्ब असावेत आणि त्यातला एक उडालेला असावा, तरी जिन्यात उजेड असतोच. खालून बघणाऱ्याला दुसऱ्या बल्बचा पत्ता लागत नाही. ए हा ओवर प्रभावी आणि ओ हा अप्रभावी म्हणतात तो एवढ्याच अर्थाने. ओ प्रत नष्ट झालेली नसते की पातळ झालेली नसते. ती जशीच्या तशी असते, पुढच्या पिढीत जायला तयार. ए आणि बी एकत्र आले तर मात्र दोघंही आपापली साखर चिकटवतात, कुणी कुणाला झाकत नाही, आणि रिपोर्टवर एबी येतं. यातले ए, बी आणि ओ हे गट व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली जगासमोर मांडले आणि त्याबद्दल १९३० साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे हे काही कालपरवाचं ज्ञान नाही, वन्संच्या आजीच्या काळातलं आहे.

कागद-पेन घ्या. पहिलं नाव स्वतःचं लिहा. तुमचा गट ओ, म्हणजे तुमच्या दोन्ही प्रती ओ. एक जरी ए किंवा बी असती तरी ती रिपोर्टवर दिसली असती. तेव्हा मुलाला द्यायला तुमच्याकडे ओशिवाय दुसरं काही नव्हतंच. त्याला बी मिळाला तो वडिलांकडून आणि ओ मिळाला तो तुमच्याकडून. रिपोर्टवर तो नुसता ‘बी’ आहे, पण आत बी आणि ओ आहे. इथे ‘असेल’, ‘नसेल’ नाही. ही खात्रीची गोष्ट आहे. बारशाच्या हॉलमध्ये वन्संनी विचारलं ना, ओ आला कुठून? ताई, अर्धा तुमच्याकडूनच आला. शेजारीच उभ्या होतात तुम्ही.

उरलेला अर्धा सुनेकडून. तिचा गट ए आहे आणि तिने लेकीला ओ दिलाय, म्हणजे तिच्याकडे ए आणि ओ आहे. तो तिला तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून मिळाला असणार. तेही रिपोर्टवर ओच असतील असं नाही. आता या दोघांची मुलं बघा. मुलगा बी देईल किंवा ओ, सून ए देईल किंवा ओ. चार जोड्या होतात: एबी, ए, बी, ओ. प्रत्येकीची शक्यता सारखी, चारात एक. म्हणजे तुमच्या मुलाला आणि सुनेला चारही रक्तगटांची मुलं होऊ शकतात. पुढचं मूल झालं तर तेव्हाही हीच शक्यता नव्याने लागू. ‘एकदा ओ येऊन गेला, आता येणार नाही’ असा काही कोटा नसतो.

आता निगेटिव्ह. ही गोष्ट वाचताना मला हसू आवरलं नाही, माफ करा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरतं ते लाल पेशीवरच्या डी नावाच्या एका प्रथिनावरून. ज्यांचा गट निगेटिव्ह त्यांच्यात ते नसतं, कारण ते बनवणारं जनुक बहुतेक वेळा दोन्ही प्रतींत आख्खंच गायब असतं. एका प्रतीत जरी असलं तरी माणूस पॉझिटिव्ह. म्हणजे इथेही पॉझिटिव्ह प्रभावी आणि निगेटिव्ह अप्रभावी. दोघं पॉझिटिव्ह आईबाप पोटात एकेक निगेटिव्ह प्रत बाळगून असले तर त्यांचं मूल निगेटिव्ह होण्याची शक्यता चारात एक.

आणि ती प्रत तुमच्या घरात आहे याचा पुरावा कोण? वन्सं. त्या स्वतः निगेटिव्ह आहेत, म्हणजे त्यांच्या दोन्ही प्रती निगेटिव्ह, एक तुमच्या सासूबाईंकडून आलेली आणि एक मामंजींकडून. सासूबाई आणि मामंजी दोघंही पॉझिटिव्ह असतील, तर तुमच्या यजमानांकडे ती लपलेली प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. दोघांतलं एक जरी निगेटिव्ह असेल, तर शंभर टक्के. (तीनात दोन का? चार जोड्यांपैकी निगेटिव्हवाली एक बाद झाली, कारण तुमचे यजमान पॉझिटिव्ह आहेत. उरलेल्या तीनांत दोन लपवणाऱ्या.) मुलाकडे ती प्रत यजमानांकडून आली की तुमच्याकडून, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ‘दोघं पॉझिटिव्ह असताना निगेटिव्ह येतोच कसा’ हा प्रश्न वन्संनी आपल्या आईवडिलांना विचारला असता तर बरं झालं असतं.

रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि डीचं पहिल्या गुणसूत्रावर, त्यामुळे दोन्ही वाटण्या एकमेकींशी संबंध न ठेवता होतात. चारात एक गुणिले चारात एक, म्हणजे ओ निगेटिव्ह मूल होण्याची शक्यता सोळात एक. नेहमीचं नाही, पण अप्रूप वाटावं असंही नाही.

हा सोळाचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो ग्रेगर मेंडेल नावाच्या मठवासी धर्मगुरूने, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरात. १८५६ पासून सात-आठ वर्षं तो मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून, फुलांची परागणं हाताने करून, दाणे मोजत बसला. पिवळ्या दाण्यांच्या आणि हिरव्या दाण्यांच्या रोपांचा संकर केला तर सगळी पुढची पिढी पिवळी. हिरवा कुठेच नाही. आपल्यासारखा कुणी असता तर म्हणाला असता, गेला हिरवा, घराणं बदललं. मेंडेलने त्या पिवळ्यांचंच स्वपरागणाने बी धरलं आणि दाणे मोजले: ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. जवळजवळ बरोब्बर तीनास एक. हिरवा एक पिढी गप्प होता, इतकंच. १८६५ साली त्याने हे स्थानिक सभेत वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी ते छापून आलं आणि १९०० सालापर्यंत जवळपास कुणी ढुंकून पाहिलं नाही. तोवर मेंडेलला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

‘प्रभावी’ म्हटलं की आपल्या मनात लगेच भलतं चित्र उभं राहतं. जोरकस रक्त, वरचढ घराणं, मुलगा बापावर गेला म्हणजे बापाचं रक्त तगडं. त्याला काडीचा आधार नाही. प्रभावी म्हणजे चांगलं नव्हे आणि जास्त लोकांत आढळणारंही नव्हे. ओ हा अप्रभावी, तरी भारतात ओ आणि बी हेच गट जास्त. उलट हाताला सहावं बोट असणं हे पुष्कळ कुटुंबांत प्रभावी असतं, एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. म्हणून काही लोकलच्या डब्यात दर दुसऱ्या माणसाला सहा बोटं दिसत नाहीत. मुलीच्या बाबतीत हे ‘घराण्याचं’ बोलणं आणखी बोचतं, कारण वेगळं काही दिसलं की बोट सुनेच्या माहेराकडे जातं. निम्म्या प्रती तुमच्या मुलाच्या आहेत, हे विसरायला होतं.

डोळ्यांकडे वळू. हा मामला रक्तगटाइतका सरळ नाही, हे आधीच सांगते. १९०७ साली अमेरिकेत डॅव्हेनपोर्ट दांपत्याने मांडलं की तपकिरी डोळे प्रभावी, निळे अप्रभावी, आणि एका जनुकाचा खेळ. तो तक्ता पुढे शाळांमधून शिकवला गेला आणि लोकांच्या डोक्यात घट्ट बसला. प्रत्यक्षात डोळ्यांच्या रंगात पुष्कळ जनुकांचा हात असतो. त्यातल्या त्यात मोठा वाटा पंधराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन जनुकांचा, ओसीए२ आणि एचईआरसी२. बुबुळात घाऱ्या किंवा हिरव्या रंगाचं निराळं द्रव्य नसतं. असतं ते मुख्यतः तपकिरी मेलॅनिन. ते भरपूर असलं की डोळे काळेभोर, कमी असलं की तपकिरी, आणखी कमी असलं की आत शिरलेला प्रकाश विखरून घारे, करडे, हिरवट. आईबापांपैकी दोघांकडेही कमी मेलॅनिनवाल्या काही प्रती झाकलेल्या असतील आणि त्या लेकीत एकत्र आल्या, तर काळ्या डोळ्यांच्या जोडप्याला घारी मुलगी होते. त्यासाठी माहेर कोकणातलंच हवं असं काही नाही, घाऱ्या डोळ्यांची मक्तेदारी कुणाकडे नाही.

‘आमच्यात घारं कुणीच नाही’ असं लिहिलंयत. तुम्ही किती पिढ्या पाहिल्यात? फार तर सासूबाईंच्या सासूबाई. त्यापलीकडच्यांचे फोटो असलेच तर कृष्णधवल, त्यात डोळ्यांचा रंग कुणी सांगावा! शिवाय चार महिन्यांच्या बाळाचे डोळे अजून पक्के झालेले नसतात. बुबुळात मेलॅनिन साठण्याचं काम जन्मानंतरही काही महिने चालू असतं, त्यामुळे पहिल्या वाढदिवसापर्यंत ते आणखी गडद होऊ शकतात. होतीलच असं नाही.

कानाच्या पाळ्यांबद्दल एकच वाक्य: सुटी पाळी प्रभावी आणि चिकटलेली अप्रभावी ही शाळेतली सोपी गोष्ट खरी नाही, पाळ्यांमागेही अनेक जनुकं आहेत आणि दोन्हींच्या मधल्या आकाराच्या पाळ्याही पुष्कळ.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण अर्धं सांगून तुमची समजूत घालणं मला पटणार नाही. वरच्या हिशेबावरून इतकंच सिद्ध होतं की नातीचा रक्तगट या आईबापांशी नीट जुळतो. रक्तगट जुळला म्हणजे वडील तेच, असं रक्तगटावरून कधीच म्हणता येत नाही. तसा रक्तगट असलेली लाखो माणसं या शहरात आहेत. रक्तगट कधीमधी ‘हे शक्य नाही’ एवढंच सांगू शकतो. तुमच्या बाबतीत तो तसं काहीही सांगत नाही. म्हणजे ज्या कारणाने संशय आला ते कारणच राहिलं नाही. यापुढेही संशय उरला, तर तो विज्ञानातून आलेला नाही हे ओळखा.

आणि ‘हे शक्य नाही’ असं रक्तगट सांगतो तेव्हाही तो शेवटचा शब्द नसतो, हे जगाला आपल्या मुंबईने दाखवलं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इथल्या काही जणांच्या रक्ताची हकीकत छापली. नेहमीच्या चाचणीत ते रक्त ओ वाटत होतं, पण ओ गटाचं रक्तसुद्धा त्याला चालत नव्हतं. कारण असं: ए आणि बीच्या साखरा थेट पेशीवर चिकटत नाहीत, त्यांना खाली एच नावाचा एक आधार लागतो. तो आधार बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर ए आणि बीची जनुकं धडधाकट असूनही साखर चिकटायला जागाच नसते. माणूस आतून ए असतो, रिपोर्टवर ओ दिसतो. याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात आणि शहराचं नाव बदललं तरी याचं नाव बदललेलं नाही. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असं याचं प्रमाण सांगतात. अशा माणसाने आपली झाकलेली ए प्रत मुलाला दिली आणि दुसऱ्या पालकाकडून एचची चांगली प्रत आली, तर ओ आणि ओ आईबापांना ए गटाचं मूल! अशा घरात वन्संसारखं कुणी असेल तर त्या बाईचं काय होत असेल, विचार करा. तुमच्या नातीच्या बाबतीत इतक्या लांब जायची गरज नाही, तिचा ओ सरळ हिशेबात बसतो. पण ‘रक्तगटावरून सगळं कळतं’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

डीएनए टेस्ट का नको? पहिली गोष्ट, नातीचा नमुना द्यायचा हक्क तिच्या आईबापांचा, तुमचा नाही. दुसरी गोष्ट, चोरून केलेल्या टेस्टचा निकाल तुम्हाला हवा तसा आला, तर तो तुम्ही कुणाला सांगणार? सुनेला? वन्संना? सांगितलात की टेस्ट केली हेही कळलंच, आणि मग ती सून या घरात कशाला राहील? नाही सांगितलात तर मनात आणखी एक गुपित. कायदासुद्धा या बाबतीत सावध आहे. लग्नात जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा गृहीत धरतो, आणि मूल कुणाचं या वादात डीएनए टेस्टचा आदेश ऊठसूट देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलंय. तिथे तर नवरा स्वतः कोर्टात गेलेला असतो. तुमच्या मुलाने तर काहीच म्हटलेलं नाही, ताई. मग हा दावा नेमका कुणाचा?

सुनेशी आधी बोला, वन्संशी नंतर. हा क्रम बदलू नका. ‘तुमच्याकडे कुणी घारं आहे का गं’ या प्रश्नाचा अर्थ तिला कळला नसेल असं समजू नका. बाळंतपणाला चार महिने झालेत, झोप पुरी होत नाही, दूध पाजतेय, आणि त्यात सासूने आडून हे विचारलं. तिला बसवून सरळ म्हणा, ‘मी तुला तसं विचारायला नको होतं. वन्सं बोलल्या ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मी चौकशी केली, तिचा ओ माझ्याकडून आलाय.’ एवढंच. ‘माझं काही मनात नव्हतं गं’ असं म्हणू नका. होतं, आणि तिला ते माहीत आहे. ती लगेच गळ्यात पडेल ही अपेक्षाही नको. तिला बरं वाटायला जितके दिवस लागायचे तितके लागू देत. तोवर मधल्या मध्ये मुलाला तिची समजूत घालायला पाठवू नका.

वन्संच्या तोंडाला कुलूप घालणं तुमच्या हातात नाही, पण आता तुमच्याकडे उत्तर आहे. उष्टावण दोन महिन्यांवर आली आहे, तेव्हा पुन्हा सगळे जमतीलच. विषय निघाला तर चारचौघांत, हसत, पण मोठ्याने म्हणा, ‘ओ माझा, आणि निगेटिव्ह तर तुमच्या आईवडिलांकडेही होताच.’ वाद घालत बसू नका. चारचौघांत बोललेली गोष्ट चारचौघांतच फिरवावी लागते. फोनवर एकट्या वन्संना समजावून उपयोग होणार नाही.

आता कामाचं. नातीचं डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये नीट ठेवा आणि वर्षानंतर एकदा रक्तगट पुन्हा तपासून घ्या. नवजात बाळाच्या पेशींवरच्या खुणा फिक्या असतात आणि उलट बाजूने पडताळा घ्यायला लागणारी प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) बाळाच्या रक्तात अजून तयार झालेली नसतात, म्हणून डॉक्टरही नंतरचा रिपोर्ट पक्का धरतात. तो तसाच ओ निगेटिव्ह आला, तर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. तिला रक्त लागलंच तर ते ओ निगेटिव्हच द्यावं लागेल, आणि आपल्याकडे निगेटिव्ह रक्त मिळवायला धावपळ करावी लागते. दुसरं, ती मोठी होऊन तिच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ असेल, तेव्हा वन्संना दिलं तेच अँटी-डी इंजेक्शन (आईच्या रक्तात बाळाच्या डीविरुद्ध प्रतिद्रव्यं बनू नयेत म्हणून देतात ते) तिला वेळेवर मिळायला हवं. वन्संकडून घ्यायचा एक खरा उपयोगी धडा असेल तर तो हा.

आणि धाकट्या मुलीचं. लग्न ठरत आलंय म्हणता, तर अप्रभावी जनुकांची काळजी करायची खरी जागा ही आहे. घारे डोळे आणि ओ रक्तगट यांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार याच पद्धतीने येतो आणि तो बिघडवतो. बिघडलेली एकच प्रत असलेला माणूस, ज्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात, चांगला धडधाकट असतो, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. अनेकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि हिमोग्लोबिन काही वाढत नाही, कारण कमतरता लोहाची नसतेच. भारतात साधारण शंभरांत तीन-चार जण असे असतात, काही समाजांत जास्त. असे दोघं एकमेकांशी लग्न करतात तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. मग जन्माच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्या रक्ताबरोबर साठणारं लोह काढायला रोज औषध.

हे टाळायला एक साधी रक्तचाचणी पुरते. सीबीसीबरोबर (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) ‘एचबीए२’ (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण) सांगा. मोठ्या हॉस्पिटलांत आणि चांगल्या लॅबमध्ये होते. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे, १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली. आधी मुलीची चाचणी करा. एचबीए२ साधारण ३.५ टक्क्यांच्या खाली आलं आणि डॉक्टरांनी ठीक म्हटलं, की या बाबतीत जावईबापूंना त्रास द्यायची गरजच नाही. वर आलं तर त्यांचीही करायची. दोघांचंही वर आलं तरी लग्न मोडायचं कारण नाही. दिवस गेल्यावर अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते, आणि त्यासाठी दोघांचे रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात आधीपासून असावे लागतात. हे सगळं साखरपुड्याच्या आधी दोन्ही घरांनी बसून बोलावं. मुलीला ‘तुझ्यात काही दोष निघाला तर’ अशा सुरात चाचणीला नेऊ नका. ती स्वतः जाईल, रिपोर्ट स्वतः वाचेल.